धडा तोंडपाठ, वाचता मात्र येईना: चौथीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतलं आहे. मी तिथे वर्गशिक्षिका. गाव, शाळा, माणसं यांची नावं दिलेली नाहीत. मुलीला इथे मनू म्हणते, ते तिचं खरं नाव नव्हे. शाळेत पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. 2022-23 साली माझ्या खोलीत दोन्ही इयत्तांची मिळून 31 मुलं होती, त्यातली 17 चौथीची.

मनू पहिलीत आली 2019 च्या जूनमध्ये. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिची बाराखडी नुकती कुठे हाताला लागत होती. दुसरी सगळी घरात गेली. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर ट्रॅक्टरवर. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 ला उघडले, तेव्हा ती माझ्यासमोर तिसरीत येऊन बसली. जानेवारीत पुन्हा काही आठवडे शाळा बंद. इतक्या तुटक शिक्षणानंतर वर्गातलं जवळपास प्रत्येक मूल वाचताना अडखळत होतं. माझ्या पुढच्या चुकीचं मूळ इथेच आहे.

घरी आई, वडील, आजी आणि दोन म्हशी. आई रोजंदारीने शेतात जाते. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं काम आजीचं, आणि किटली धरून आजीबरोबर मनू.

मनू शांत. हजेरी पूर्ण. वही अशी, की बाकीच्यांना दाखवावी: फळ्यावरचं जसंच्या तसं, एक अक्षर रेघेखाली जायचं नाही. कवितेला चाल लावायची तर ती तिनेच. तिसरीच्या अखेरीस मी तिच्या वर्णनात्मक नोंदीत लिहिलं, 'वहीकाम नीटनेटके. कविता तालासुरात म्हणते. वाचनात सुधारणा आवश्यक.' शेवटचं वाक्य मी त्या वर्षी चौदा मुलांच्या नावापुढे लिहिलं होतं.

अडचण कशी उघडी पडली

जून 2022 मध्ये सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, घेतला, पुढेही रोज वाचन घेत राहिले. ऑगस्टपर्यंत बहुतेक मुलं सुटली. कुणी हळू, कुणी भरभर, पण जोडाक्षरांपर्यंत येऊन ठेपली. मनूही 'वाचत' होती. मी रांगेने एकेक परिच्छेद वाचायला सांगायचे, आणि तिच्या बाकापर्यंत पाळी येईतो तो धडा वर्गात दोन-तीनदा वाचून झालेला असायचा.

ऑगस्टच्या शेवटी एक दिवस मी नेमकी तिच्या बाकाशेजारी उभी होते. ती घडाघडा वाचत होती आणि तिचं बोट दोन ओळी मागे होतं. आवाज परिच्छेदाच्या टोकाला पोचला, बोट मध्येच. शेवटचा शब्द म्हणून झाल्यावर तिने बोट झटकन खाली सरकवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय का, हे ती बघत होती.

मधल्या सुट्टीत तिला दुसरीच्या जुन्या पुस्तकातला, तिने कधी न ऐकलेला, 40 शब्दांचा उतारा दिला. नऊ शब्द बरोबर आले. 'भाकरी' दिसली की 'भाजी', 'घर' दिसलं की 'धरण'. पहिल्या अक्षरावर झेप घ्यायची आणि उरलेला शब्द मनाने भरायचा. भ-म, घ-ध, थ-य यांत गल्लत. 'किती' वाचताना आधी वेलांटी दिसते, मग क, आणि बोलायचं मात्र आधी क, मग इकार. इथे ती प्रत्येक वेळी थबकायची. रफार डोक्यावर, पण उच्चार आधी, तिथेही तेच: 'कर्म' आणि 'क्रम' तिच्यासाठी एकच चित्र. डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडतं त्या अध्ययन अक्षमतेबद्दल, जे काही वाचायला मिळतं त्यात इंग्रजीची बी आणि डी उलटी लिहिणारी मुलं असतात. आपल्या लिपीत अडचणी वेगळ्या जागी असतात, त्या आपल्यालाच शोधाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी दहा शब्दांचं श्रुतलेखन घेतलं. आजवर श्रुतलेखनाच्या वेळी ती शेजारणीच्या वहीत बघून लिहायची, त्यामुळे तिच्या खऱ्या चुका मी कधी पाहिल्याच नव्हत्या. या वेळी तिला एकटीला बसवलं. वर्गात फळ्यावरून उतरवून घेताना मोत्यासारखं येणारं अक्षर इथे पार विस्कटलं. 'शिवाजी' चं 'शवज', 'शाळा' चं 'शळ'. काना, मात्रा, वेलांटी गळून पडलेल्या.

इथे एक फरक मी तेव्हाच करून ठेवला, त्याचा पुढे उपयोग झाला. आमच्या भागात 'पाणी' ला 'पानी' म्हणतात, 'कोणी' ला 'कोनी'. मूल 'पानी' लिहितं तेव्हा ते आपल्या कानाला ऐकू आलेलं नेमकं लिहीत असतं. ती बोली आहे, अध्ययन अक्षमतेचं लक्षण नाही. मनूने 'पनी' लिहिलं होतं. न हा घरचा, पण काना गेला कुठे? बोलीच्या आणि वाचनाच्या चुका एकाच लाल शाईने गोल केल्या की खरी अडचण त्यातच बुडून जाते.

त्याच आठवड्यात आजी शाळेत आली. हातात डेअरीची दहा दिवसांची पावती. पैसे कमी आल्यासारखे वाटतात, बघून द्या म्हणाली. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत आजीच म्हणाली, "हिला इचारा की मॅडम, माझ्यापरीस हिचा हिशेब नेमका." मनूने पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी साडेतीन लिटर, संध्याकाळी अडीच, दर 34 रुपये. दिवसाचे दोनशे चार, दहा दिवसांचे दोन हजार चाळीस. पण एक संध्याकाळ दूध परत आलं होतं, त्याचे पंच्याऐंशी वजा. रुपयाचा फरक निघाला नाही. या मुलीला वर्गातल्या गणिताच्या चाचणीत 20 पैकी 6 मिळाले होते. शाब्दिक उदाहरणं तिने कोरी सोडली होती, कारण ती वाचताच येत नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा होता: थांबणं. 'कोरोनात मागे पडली, येईल हळूहळू.' आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत मी विषय काढला तेव्हा तीनजणींनी हेच सांगितलं, आणि त्यात तथ्यही होतं. शिकायलाच न मिळाल्याने वाचता न येणं आणि अध्ययन अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी करणारेही आधी हीच शंका फेडतात. मी माझ्या नोंदी काढून बसले. सेतू अभ्यासाच्या सुरुवातीला मनूच्याच पातळीवर असलेली पाच मुलं होती. त्यांची शाळा तेवढीच बुडाली होती, घरची परिस्थितीही साधारण तीच. दोन महिन्यांच्या सारख्याच शिकवण्यानंतर त्यातली चार उतारा वाचत होती, मनू जागच्या जागी होती. थांबण्याचा पर्याय मी या एका तुलनेवर सोडला.

दुसरा पर्याय सरांनी सुचवला आणि तो चांगल्या मनाने सुचवला: वाचनाच्या तासाला तिला त्यांच्या खोलीत, दुसरीत पाठवायचं. द्विशिक्षकी शाळेत हे करणं म्हणजे फक्त एक भिंत ओलांडणं. मोहही झाला. शिक्षण हक्क कायद्यात मूल वयानुरूप वर्गात हवं असं आहे, पण खरं सांगायचं तर मला अडवलं ते कायद्याने नाही. नऊ वर्षांची मुलगी आपल्या धाकट्या चुलत भावाच्या बाकावर बसून 'कमल बघ' वाचणार, आणि संध्याकाळी तो घरी जाऊन ते सांगणार. वर्षभर तिने जी गोष्ट जिवापाड लपवली होती, तीच मी गावासमोर मांडली असती.

तिसरा पर्याय गावातूनच आला होता. कुणीतरी आईला सांगितलं होतं, की तालुक्याला 'तसल्या पोरांची' शाळा आहे. आई दोन रात्री झोपली नव्हती. अध्ययन अक्षमता म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे, हे मला तिला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगावं लागलं. शेवटी डेअरीच्या हिशेबाचं उदाहरण दिलं, तेव्हा ती पदराने डोळे पुसून हसली.

चौथा पर्याय: आधी अक्षमतेचं प्रमाणपत्र, मग बाकीचं. याबद्दल गोंधळ होता, माझ्याही मनात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्याचं कलम 16 म्हणतं, की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ती अध्यापनाची पावलं उचलायची आहेत, आणि हे काम शिक्षणसंस्थांवरच टाकलेलं आहे. पुढे परीक्षेत लेखनिक, जादा वेळ हवा तेव्हा प्रमाणपत्र लागेलच. पण माझ्या वर्गात तिला धडा ऐकून शिकू द्यायला मला कुणाच्या सहीची गरज नव्हती.

म्हणून ठरलं ते असं: तपासणी सुरू करायची, आणि तिचा निकाल येण्याची वाट न पाहता वर्गात उद्यापासून बदल करायचा.

काय केलं

सुरुवात डोळे-कानांपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सप्टेंबरमध्ये शाळेत येणार होतं, त्यांच्याकडून तपासून घेतलं. दोन्ही ठीक. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका दोनदा येऊन गेल्या. शिक्षकांनी भरायची प्राथमिक छाननीची प्रपत्रं मराठीतही आहेत, ती मला त्यांच्याकडून कळली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेल्या 'डाली' संचात हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी चार भाषांची साधनं आहेत. इतकी वर्षं हे माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मग घरी गेले. आई बोलत होती, वडील भिंतीला टेकून गप्प. बराच वेळाने म्हणाले, "माझंबी असंच हुतं. पाचवीत मास्तरांनी वाचाया उभं केलं, येईना. मारलं. मी गेलोच न्हाई परत." अध्ययन अक्षमता पुष्कळदा घराण्यात चालत येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा माझ्या एक लक्षात आलं: या माणसाने मला आजवर एकही लिहिलेला मेसेज पाठवला नव्हता, कायम आवाजातलाच निरोप. महाराष्ट्र सरकारने अशा मुलांसाठी सवलती मान्य केल्या 1996 मध्ये. त्या साली हे गृहस्थ पहिली-दुसरीत असतील. तो निर्णय त्यांच्या वर्गापर्यंत आलाच नाही.

वर्गात जे बदललं त्यामागे एकच विचार होता: वाचायला शिकणं वेगळं आणि वाचून शिकणं वेगळं. पहिलं हळूहळू होणार होतं. त्याच्यासाठी दुसरं अडवून ठेवायचं नाही. मनूला वाचता येत नाही म्हणून तिला इतिहास येऊ नये, याला काहीच अर्थ नव्हता.

वाचायला शिकण्यासाठी रोज वीस मिनिटं, पोषण आहारानंतर. सोबत आणखी तीन मुलं घेतली, त्यामुळे ती एकटी पडली नाही, आणि त्या तिघांनाही गरज होतीच. पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगणं पूर्ण बंद केलं. उतरवून काढणं हेच तर तिचं लपण्याचं ठिकाण होतं! आधी फक्त कान: शब्द ऐकायचा, टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करायचे. 'भा-क-री', तीन टाळ्या. मग 'भाकरी' तली 'री' काढली तर काय उरलं? हे तिला सुरुवातीला अतिशय जड गेलं. दोन आठवडे आम्ही अक्षर पाहिलंच नाही.

मग अक्षरकार्डं. गावात लग्नपत्रिकांना तोटा नाही. त्यांच्या पाठकोऱ्या जाड कागदाचे चौकोन कापले. व्यंजनं काळ्या शाईत, काना-मात्रा-वेलांट्या लाल शाईत वेगळ्या पट्ट्यांवर. 'कि' करायचं तर आधी क ठेवायचा आणि 'क्' म्हणायचं, मग लाल पट्टी उचलून 'इ' म्हणायचं आणि ती क च्या अलीकडे नेऊन ठेवायची. हात डावीकडे जातोय, आवाज मात्र नंतर येतोय, हे तिला स्वतःच्या हाताने करावं लागलं. चौथ्या की पाचव्या दिवशी ती पट्टी हातात धरून थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ही बसते आधी, पण बोलते नंतर." तीन वर्षांत हे तिला कुणीच एवढं साधं करून सांगितलं नव्हतं, मीही नाही. रफारासाठी पुढे आम्ही हेच वाक्य फिरवून घेतलं: 'हा बसतो नंतर, पण बोलतो आधी.'

वाचून शिकण्याची बाजू त्या मानाने लवकर सुटली. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आजवर मी स्वतःपुरते वापरत होते, ते आता शाळेच्या टॅबवर सगळ्यांसाठी लावू लागले. नवा धडा मी आधी पूर्ण वाचून दाखवायचा, मग जोड्यांनी वाचायचा. उभं राहून अचानक वाचायला लावणं बंद, कुणालाच नाही. ज्याला वाचून दाखवायचंय त्याने आदल्या दिवशी परिच्छेद निवडायचा. गणिताची शाब्दिक उदाहरणं मी फळ्यावर लिहायचे आणि दोनदा मोठ्याने वाचायचे. यात जादा वेळ किती गेला? दिवसाला दहा-बारा मिनिटं.

मूल्यमापनाला मी घाबरत होते, पण तिथे नियम आधीपासून आमच्या बाजूने होता. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 पासून आहे. तिसरी-चौथीला 60 गुण आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचे, आणि 40 संकलित, म्हणजे सत्राअखेरचे. आकारिकच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं लेखी चाचणीच्या बरोबरीने दिलेलं आहे. आपणच सवयीने त्या रकान्यांत अंदाजे गुण भरतो आणि भर लेखीवर देतो. मी ते रकाने खरेखुरे वापरायला लागले, एवढंच.

दिवाळीनंतरची परिसर अभ्यासाची तोंडी चाचणी लख्ख आठवते. चौथीला भाग 2 म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. पन्हाळ्याच्या वेढ्यावर लेखी उत्तरात मनूने 'पनळ' एवढंच लिहून पेन ठेवलं होतं. तोंडी विचारलं तर सिद्दी जौहरच्या वेढ्यापासून सुरुवात केली. शिवा काशिद पालखीत का बसला, महाराज दुसऱ्या वाटेने का गेले, बाजीप्रभूंनी खिंडच का निवडली, सगळं क्रमाने. खिंडीचं कारण सांगताना तिने दोन बाकं एकमेकांजवळ ओढून मधली फट दाखवली. "इथून एकावेळी किती जाणार मॅडम?"

तपासणीचा मार्ग मात्र लांबला. तालुक्याच्या शिबिरात अध्ययन अक्षमतेची तपासणी होत नव्हती, जिल्ह्याला जायला सांगितलं. पहिल्या खेपेला तो दिवस नव्हता, दुसऱ्या खेपेला मानसशास्त्रज्ञ रजेवर. दर खेपेला आई-वडिलांची दोघांची रोजंदारी बुडाली. तिसऱ्या खेपेला मी माझ्या नोंदी, श्रुतलेखनाचे कागद आणि ती पाच मुलांची तुलना एका फाइलमध्ये घालून दिली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी ती फाइल बराच वेळ चाळली, असं आईने सांगितलं. बुद्धी सर्वसामान्य, वाचन-लेखनात विशिष्ट अध्ययन अक्षमता, असा अहवाल आला. प्रमाणपत्र हातात पडायला एप्रिल उजाडला. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागेल, हेही सांगितलं गेलं.

जे फसलं

दोन गोष्टी वाईट फसल्या. त्यातली एक पूर्णपणे माझी चूक.

पहिल्या महिन्यात मी मनूची जोडी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीशी लावली. मला वाटलं, उत्तम आधार मिळेल. दोन आठवड्यांत ती मुलगी मनूच्या वतीने वाचत, लिहीत, बोलत होती, आणि स्वतःचं दफ्तरही मनूकडून उचलवून घेत होती. जोड्या मग दर सोमवारी बदलायचं ठरवलं, आणि प्रत्येक जोडीत दोघांनाही काहीतरी देण्यासारखं असेल असं काम दिलं. हिशेबाच्या कामात सगळे मनूची जोडी मागायला लागले.

दुसरी चूक आठवली की अजून पोटात कालवतं. पहिल्या तोंडी चाचणीच्या दिवशी एका मुलाने भर वर्गात विचारलं, "मॅडम, हिला तोंडी आन् आमाला लेखी का?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर तयार नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तिला लिहिता येत नाही म्हणून." वर्ग शांत झाला. मनूने मान खाली घातली, आणि त्या दिवशी पन्हाळा, प्रतापगड काही नाही, एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

मी तिच्या घरी जाऊन तिची माफी मागितली, आईसमोर. आणि सोमवारी वर्गाला सांगितलं, की इथून पुढे परिसरच्या चाचणीत उत्तर कसं द्यायचं ते प्रत्येकाने ठरवायचं: लिहून, बोलून किंवा चित्र काढून समजावून. चौथीच्या 17 पैकी 9 जणांनी तोंडी निवडलं. त्यातल्या तिघांची उत्तरं आजवरच्या त्यांच्या लेखीपेक्षा कितीतरी सरस होती. त्या तिघांना मी 'बेताचे' समजून चालले होते. तो प्रश्न विचारणारा मुलगा त्या तिघांतलाच एक. त्याला स्वतःलाच तोंडी हवं होतं, हे मला त्याच्या प्रश्नात ऐकू आलं नव्हतं.

निष्पत्ती

मार्च 2023 मध्ये मनूला पुन्हा तेवढ्याच अवघड, पण नव्या 40 शब्दांचा उतारा दिला. 27 शब्द बरोबर. तीन मिनिटं लागली. पूर्वीची झेप घेण्याची सवय कमी झाली होती. अडलेल्या शब्दावर ती बोट ठेवून थांबायची, तुकडे पाडायची. लेखनात काना आणि वेलांटी बऱ्याच अंशी स्थिरावली, जोडाक्षरं नाहीत. चौथीच्या पातळीचं वाचन आलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. परिसर अभ्यास आणि गणितात ती वर्गाच्या वरच्या अर्ध्या भागात होती.

आणि मग जून आला. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मुलं चार किलोमीटरवरच्या विद्यालयात जातात. दाखल्याबरोबर प्रमाणपत्राची झेरॉक्स मी दिली होती. ती कार्यालयातल्या फाइलमध्ये लागली आणि वर्गापर्यंत गेलीच नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका तासाला तिला उभं राहून वाचायला सांगितलं गेलं. धडा नवा, कुणी आधी वाचलेला नाही. साठ मुलांचा वर्ग. ती उभी राहिली, पुस्तक धरलं, आणि काहीच बोलली नाही. शिक्षकांना ते उद्धटपणाचं वाटलं. त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढचे आठ दिवस मनू घरातून निघायची आणि गोठ्यात आजीपाशी बसायची.

मला कळलं ते वडिलांच्या आवाजातल्या निरोपाने. "मॅडम, माझ्यागत हुतंय." एवढंच.

मी रजा टाकून विद्यालयात गेले. तिच्या वर्गशिक्षकांनी अर्धा तास दिला, नीट ऐकून घेतलं, श्रुतलेखनाचे कागद पाहिले. डेअरीच्या हिशेबाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि वर्गाच्या सहलीच्या वर्गणीचा हिशेब ठेवशील का, म्हणून विचारलं. ती परत जायला लागली. त्याच वर्षापासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. तिच्यासाठी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची आणि जादा वेळ द्यायची व्यवस्था विद्यालयाने केली. पाचवीतून ती सहावीत गेली. इंग्रजीत अजून झगडते आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

तिसरीतले डिसेंबर ते एप्रिल हे महिने माझ्या हातून गेले. शेजारणीपासून दूर बसवून घेतलेलं एक श्रुतलेखन आणि न ऐकलेल्या उताऱ्याचं पाच मिनिटांचं वाचन, एवढ्यात जे दिसलं असतं ते मला आठ महिने उशिरा दिसलं. आता तिसरीत आलेल्या प्रत्येक मुलाचं हे पहिल्या पंधरवड्यात एकेकट्याने घेते. नीटनेटकी वही आणि गप्प मूल दिसलं की आधी त्याच्याकडे जाते. वर्गात दंगा करणारी मुलं आपलं लक्ष ओढून घेतातच. मनूसारख्या मुली वर्षानुवर्षं कुणाला सापडत नाहीत.

उत्तर द्यायचा मार्ग निवडण्याची मुभा मी सगळ्या वर्गाला पहिल्या दिवसापासून दिली असती, तर तो प्रश्न विचारला गेलाच नसता. एका मुलीसाठी खास सोय म्हणून सुरुवात केली, म्हणून ती वेगळी दिसली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवण्याआधी फोन करून वार आणि मानसशास्त्रज्ञांची उपस्थिती विचारायला हवी होती. दोन खेपांची रोजंदारी वाचली असती. हे काम आईवर सोडायला नको होतं.

आणि चौथीचा शेवट. प्रमाणपत्र हा कागद वर्गातल्या शिक्षकाला 'काय करू' हे सांगत नाही. मी आता एक पान वेगळं लिहिते: मुलाला काय येतं, कशात अडतं, वर्गात काय केलं की चालतं, काय केलं की मूल मिटतं. ते पान कार्यालयात देत नाही, वर्गशिक्षकांच्या हातात देते, आणि मूल सोबत असतं. यंदा चौथीतून असं एक मूल जाणार आहे. मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं विद्यालयात जाऊन येणार आहोत. वाट दाखवायला मनू येते म्हणाली आहे.